एतेल्विनाच्या वाट्याचं गवत

एतेल्विना माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. मी त्यांना आत्याबाई म्हणते. लग्न होऊन या घराण्यात आले, तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, की आत्याबाईंच्या पाठीवरच्या गाठोड्याला हात लावायचा नाही. त्यांच्या चुलीलाही लावायचा नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते मला दोन दिवसांत पाठीत कलथा बसल्यावर कळलं.

गाठोडं लुलिक होतं. लुलिक म्हणजे ज्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही आणि ज्याच्याशी खेळायचं नाही असं. घराण्याच्या जुन्या घरातल्या, म्हणजे लुलिक घरातल्या, पूर्वजांच्या वस्तू त्यात होत्या. एक तलवार होती म्हणतात, आणि चंद्रासारखी एक तबकडी. मी काही पाहिलेलं नाही, पाहायची हौसही नाही. त्याचा नियम मात्र भलताच गैरसोयीचा. लुलिक घरातली त्याची फळी सोडून ते कुठंही टेकवायचं नाही. टांगलं तर चालेल, अंगावर वागवलं तर चालेल, खाली ठेवलं तर घराणं बसलं. आणि घर तर परक्या देशाच्या सैन्यानं केव्हाच जाळून टाकलेलं.

म्हणून आत्याबाई मका खुरपायच्या त्या गाठोड्यासकट. कॉफीची फळं तोडायच्या त्याही गाठोड्यासकट. ओढ्यावर अंघोळीला गेल्या की ते फांदीला टांगलेलं असायचं आणि त्यांचा एक डोळा फांदीवर. झोपायच्या कुशीवर. गावातल्या बायका चिडवायच्या, "एतेल्विनाचं पोर म्हातारं व्हायला आलं, तरी पाठीवरून उतरायचं नाव नाही."

"माझं पोर निदान दारू तरी पीत नाही," आत्याबाई म्हणायच्या. मग चिडवणारीच गप्प व्हायची, कारण तिचं प्यायचं.

गाठोडं त्यांच्याकडे आलं ते सैन्य डोंगर चढून आलं त्या वर्षी. मी तेव्हा आईच्या पोटात असेन. मामंजी, म्हणजे माझे सासरे रोफिनो, बंदूक घेऊन वर रानात गेले होते. घरात म्हातारा बाप आणि लग्न ठरलेली ही मुलगी. खालची गावं पेटलेली दिसायला लागली तसं बापानं फळीवरून सगळं उतरवलं, कापडात बांधलं आणि मुलीच्या पाठीवर घातलं. "तुझे पाय चांगले आहेत, तू घे," म्हणाला. "घर परत होईपर्यंत." तो स्वतः पुढं डोंगरात उपासमारीनं गेला. त्याला वाटलं असेल, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे.

पुढं सैन्यानं लोकांना डोंगरातून खाली आणून किनाऱ्याजवळच्या छावणीत ठेवलं. तिथं गाठोडं चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांत दडवलेलं असायचं. एकदा एक शिपाई झडतीला आला आणि काठीनं कणसं ढोसायला लागला. आत्याबाईंनी त्यातलंच एक कणीस ओढलं, निखाऱ्यावर भाजलं आणि त्याच्या हातात ठेवलं. तो पोरगेलासा होता आणि भुकेला होता. उभ्या उभ्या खाऊन निघून गेला. ही गोष्ट सांगताना आत्याबाई दर वेळी म्हणायच्या, "नीट भाजलं नव्हतं. घाईत होते." ते कणीस कच्चं राहिल्याची खंत त्यांना कायम होती.

आता लग्न ठरल्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपलं. मुलगा ओढ्यापलीकडच्या घराण्यातला, सिप्रियानो नावाचा. त्याच्या घरून पानसुपारीची टोपली आली होती आणि आमच्या घरानं ती ठेवून घेतली होती. मका निघाला की त्यांच्या म्हशी यायच्या आणि आत्याबाई जायच्या. मका निघायच्या आत सैन्य आलं. सिप्रियानो रानात कंदमुळं शोधायला गेला तो आलाच नाही. हाडंसुद्धा मिळाली नाहीत.

नंतर छावणीत दोघांनी मागणी घातली. आत्याबाई म्हणाल्या, "हे गाठोडं घेऊन मी दुसऱ्याच्या घरात जाऊ कशी?" लोकांना ते पटलं. मलाही पुष्कळ वर्षं पटलेलंच होतं. पण दर वर्षी मृतांच्या दिवशी सगळे आपापल्या थडग्यांवर फुलं टाकत, तेव्हा आत्याबाई थोडी फुलं पदरात ठेवून घेत आणि घरी येताना ओढ्याच्या कडेला टाकत. मी सून आहे, आंधळी नाही.

देश मोकळा झाला, आम्ही डोंगरात परत आलो. आधी डोक्यावर पत्रे, मग शाळा, मग पाण्याचा नळ, असं करता करता लुलिक घर मागेच पडत गेलं. घर बांधायचं तर मंत्र म्हणणारा हवा, जाड खांबांची झाडं हवीत, आणि दूरदूर पांगलेलं घराणं एका जागी हवं. शेवटी मामंजी सत्तरीला टेकले आणि त्यांना भीती वाटायला लागली. म्हणाले, "मी मेलो तर पुढच्यांना घर कुठं होतं ते ठिकाणसुद्धा सापडायचं नाही." मग हालचाल झाली.

राजधानीतून संस्कृती खात्याचा एक तरुण आला. भला मुलगा. खांब आणायला त्यानं ट्रक मिळवून दिला. गाठोड्याचा फोटो घेऊ का, असं त्यानं आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा तू जेव." त्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि शेंगदाणे घातलेला मका दोन वेळा मागून खाल्ला. तेव्हापासून आत्याबाई त्याला घरचाच समजायच्या आणि हक्कानं दोर वळायला बसवायच्या.

बाकी म्हाताऱ्यांची भांडणं ऐकण्यासारखी होती. दार किती उंच, चूल कुठल्या कोपऱ्यात, शिडी डावीकडून की उजवीकडून. घर जळताना सगळ्यांनी पाहिलं होतं, उभं असताना नीट कुणीच पाहिलेलं नव्हतं. तरी हळूहळू ते उभं राहिलं. खिळा एकही नाही, सगळं वेतानं आणि दोरानं बांधलेलं. खांबांची बुंध्याकडची टोकं खाली, शेंड्याकडची वर, झाड उभं असतं तशी. सांगाडा झाला आणि उरलं छप्पर.

छपराची रीत अशी. घराण्यातून लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक मुलीचा छपरावर एक वाटा असतो. तो तिच्या सासरच्यांनी शाकारायचा. गवत त्यांचं, दोर त्यांचा, घाम त्यांचा. जावई म्हणजे आमच्याकडे हक्काचा गडी, त्याला मोठं करून ठेवायची पद्धत नाही. तो येतो, बोलावल्याशिवाय हद्दीच्या दगडाच्या आत पाऊल टाकत नाही, छप्पर शाकारतो, पाणी भरतो, मांस शिजवतो आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतो. पण छपरावर तो असला म्हणजे खालच्या मुलीला घरानं धरलं असं होतं. ती कुठंही नांदत असो, पाऊस तिच्या नावाच्या गवतावर पडतो.

वाटे पाडायला सगळे अंगणात बसले होते. मामंजी काठीनं जमिनीवर छपराचा गोल काढून बहिणींची, पुतण्यांची, चुलत आत्यांची नावं घेत होते. मेलेल्या बहिणींचीसुद्धा, कारण त्यांची मुलं होती. गोल पुरा झाला. आत्याबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "माझा वाटा?"

मामंजी म्हणाले, "अगं, तू तर घरातच आहेस. तुला वाटा कशाला?"

"घरात म्हणजे कुठं?"

"चुलीपाशी. मरेपर्यंत तुझी जागा चुलीपाशी. तू होतीस म्हणून घर आहे. एवढा मान कुठल्या बाईला मिळालाय?"

"मला मान नको," आत्याबाई म्हणाल्या. "गवत हवं."

"कोण आणणार ते? सासर असल्याशिवाय वाटा नसतो. आणि भावानं बहिणीचा वाटा शाकारला तर घरानं आपलीच मुलगी गिळली असं होतं. तुला माहीत नाही का?"

"मग लहानपणी मेलेल्या, वाटा नसलेल्या मुलींसारखी मी," आत्याबाई म्हणाल्या, आणि शेंगांची टोपली उचलून आत गेल्या.

मामंजी काठीकडे बघत राहिले. माणूस वाईट नाही. युद्धात माणसं मारली असतील, पण बहिणीला दुखवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांना स्वतःलाही ते कळत होतं. त्यांनी मग काठीनं गोल थोडा पुसला आणि मागच्या बाजूला एक फट ठेवली. म्हणाले, "राहू दे इतकी. शेवटी बघू." बघणार काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आत्याबाईंच्या जागी मी असते तर गाठोड्यावर बसून राहिले असते. वाटा द्या, मग घ्या तुमचे पूर्वज, असं म्हटलं असतं. त्यांच्या मनात तसलं काही आलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या दोर वळायला बसल्या. फक्त कुणाशी बोलेनात. माझ्यावर ओरडेनात तेव्हा मात्र मला राहवेना.

शनिवारी बाजार असतो. मी कोबी आणि कॉफी घेऊन जाते. तिथं बेलिसिया मीठ विकायला बसते. ती आकिलिनोची बायको, आणि आकिलिनो म्हणजे सिप्रियानोचा धाकटा भाऊ. त्यांचं घराणं आता घाटाखाली राहतं. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांच्या दारात जाऊन आमची मुलगी घ्या म्हणणं यासारखी दुसरी लाज आमच्याकडे नाही. त्यामुळे मी फक्त मीठ घ्यायला गेले.

"घर कुठवर आलं गं, ओलांदिना?" तिनंच विचारलं.

"शाकारणीपर्यंत आलंय. एक फट सोडून."

"ती कशाला?"

"आत्याबाईंची आहे. त्यांना कुणी नाही ना शाकारणारं."

बेलिसिया मापानं मीठ भरत होती, ती थांबली. "पान ठेवून घेतलं होतं म्हणतात तुमच्याकडच्यांनी."

"म्हणतात खरं. मी कुठं होते तेव्हा."

"मी तरी कुठं होते."

"मी काही म्हणत नाहीये हं, बेलिसिया. आम्ही मुलीकडचे. आम्हाला काही म्हणता येत नाही."

"काही म्हणत नाहीयेस ते दिसतंच आहे," ती म्हणाली. "मीठ घे आणि नीघ."

घाट चढताना माझं मलाच बरं वाटेना. ती माणसं गरीब. एकदा जावई म्हणून आले की झालं, आमच्याकडे कुणी मेलं, कुणाचं लग्न निघालं, की त्यांनी धावत यायचं, ते मुलांच्या मुलांपर्यंत. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्या भावाचं हाडही घरी आलेलं नाही त्याच्यासाठी. मी घरी कुणाला काही बोलले नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही, कारण ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

शाकारणीचा दिवस उजाडला. एकेका बहिणीची सासरची माणसं दगडापाशी येऊन थांबत, मामंजी विचारत, ते उत्तर देत, पानसुपारी होई आणि ते गवत घेऊन वर चढत. माझ्या माहेरचेही डुक्कर आणि विणलेली कापडं घेऊन आले. ते मुलगी दिलेले, म्हणून सावलीत बसून होते. दुपार कलली तेव्हा छप्पर सगळीकडून भरलं होतं, मागची फट तेवढी उघडी होती. आत्याबाई गाठोडं पाठीला लावून झाडाखाली उभ्या होत्या. त्या फटीकडे बघत नव्हत्या. इतक्या न बघता उभ्या होत्या की सगळ्यांना ते कळत होतं.

शेवटी मामंजींनी वरच्या पोरांना हाक मारली. "शेजारचं गवत ओढून घ्या दोन्ही बाजूंनी. झाका ते."

वरचा एक जण म्हणाला, "पातळ होईल. गळेल."

"गळू दे," मामंजी म्हणाले.

तेवढ्यात कुत्री भुंकायला लागली. घाटाच्या वाटेनं दोन लहानखुरी घोडी वर येत होती, गवतानं इतकी लादलेली की त्यांचे नुसते पाय दिसत होते. मागं बेलिसिया डोक्यावर भारा घेऊन, तिचे दोन भाऊ एका रेड्याला ओढत, आणि पुढं आकिलिनो, कडक धुतलेला शर्ट घालून, हातात पानांची टोपली. तो दगडापाशी आला आणि थांबला. धाप लागली होती. आता तोही म्हाताराच.

रीतीप्रमाणे मामंजी पुढं झाले. "कोण आलंय?"

"जावई आलेत," आकिलिनो म्हणाला.

"कुणाचे?"

"एतेल्विनाचे."

मामंजी म्हणाले, "आमच्या एतेल्विनाला नवरा नाही."

"आहे. सिप्रियानो. तो डोंगरात आहे, त्याला यायला जमलं नाही. म्हणून मी आलो."

मामंजींनी छपरावरच्या फटीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "फार उशीर केलात."

"रस्ता खराब होता," आकिलिनो म्हणाला.

कुणीतरी हसलं, आणि हसणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. मी तर उघड रडत होते. बेलिसियानं भाऱ्याखालून माझ्याकडे एकदा असं पाहिलं, की जन्मभर मी तिच्याकडूनच मीठ घेणार.

आता मामंजींनी टोपली घ्यायची की झालं. बाईला विचारायची रीत नाही. पण ते टोपली न घेता वळले आणि झाडापाशी गेले. "एतेल्विना, नीट ऐक. तू हे पान खाल्लंस तर तू त्यांची झालीस. मग तुझी जागा चुलीपाशी नाही. या घरात तू पाहुणी. आजारी पडलीस तर ते बघतील, मेलीस तर त्यांच्यात पुरतील. तू इतकी वर्षं हे घर पाठीवर..."

आत्याबाईंनी भावाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. मग त्या दगडापर्यंत चालत गेल्या आणि आकिलिनोला विचारलं, "तुमच्यात त्याचं थडगं आहे?"

"आईच्या थडग्याशेजारी एक दगड ठेवलाय त्याच्या नावाचा."

"फुलं कोण टाकतं?"

"मी टाकतो. ही टाकते." त्यानं बायकोकडे हात केला. "पण पहिलं फूल बायकोनं टाकायचं असतं ना, वहिनी. ते दर वर्षी राहून जातं."

माझ्या लग्नापासून मी त्यांना आत्याबाई म्हणत होते. इतर कुणी मावशी म्हणे, कुणी नुसतंच एतेल्विना. या शब्दानं त्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती. त्यांनी टोपलीतलं पान घेतलं, सुपारी घेतली, चुना लावला. चुना बोटालाच जास्त लागला. पान तोंडात घातलं आणि सगळ्यांसमोर चावलं.

"गवत कुठं ठेवू, वहिनी?" आकिलिनोनं विचारलं.

"मागच्या बाजूला," आत्याबाई म्हणाल्या. "आणि दाट घाला. पातळ चालणार नाही मला."

त्यांनी दाट घातलं. आकिलिनो स्वतः वर चढला, त्या वयात. बेलिसिया खालून भारे फेकत होती आणि पडशील, मरशील, घाटातून कोण नेईल तुला, असं सारखं ओरडत होती. फट बुजली. मामंजींनी बहिणीच्या पाठीवरून गाठोडं उतरवून घेतलं, शिडी चढून आत गेले आणि फळीवर ठेवलं. आत त्यांनी काय म्हटलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि ते ऐकू यायचं नसतंच.

संध्याकाळी पंगत बसली. घरचे आधी, मुली दिलेले पाहुणे त्यांच्याबरोबर, आणि जावयांकडची माणसं अंगणाच्या खालच्या अंगाला, सगळ्यांच्या शेवटी. मी सवयीनं आत्याबाईंचं पान मामंजींच्या शेजारी मांडलं. त्या आल्या, पान उचललं आणि उभ्या राहिल्या. मामंजी मान खाली घालून भात कालवत होते, खात नव्हते.

अंगण काही मोठं नाही. पण मीही एकदा बापाच्या शेजारून अशीच उठून या घराच्या माणसांत येऊन बसले होते. त्या दिवशी कोणी माझ्याशी बोलेल का, एवढीच काळजी होती. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आत्याबाई साठीच्या होत्या, आणि चालत होत्या तशाच, जपून, एकेक पाऊल टाकत. खाली चुलीच्या धुरात आकिलिनोची माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्या त्यांच्यापाशी जाऊन थांबल्या.

मोठी जाऊ धाकटीशी बोलते त्या आवाजात त्या बेलिसियाला म्हणाल्या, "सरक जरा."